लीमसचा गोपनीय अहवाल

लंडनमधलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. गिऱ्हाईक झिंगलेलं आहे, सामान उधारीवर हवंय. दुकानदार नाही म्हणतो. गिऱ्हाईक त्याला ठोसा मारतं, दुकानदार आडवा होतो आणि गिऱ्हाइकाची रवानगी तुरुंगात होते.

'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' या १९६५ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. मार खाणारा दुकानदार झालाय बर्नार्ड ली. हाच बर्नार्ड ली १९६२ च्या 'डॉक्टर नो'पासून जेम्स बाँडचा साहेब 'एम' म्हणून खुर्चीत बसत होता आणि १९६५ च्याच डिसेंबरात बाँडचा 'थंडरबॉल'ही लागला होता. म्हणजे एका थिएटरात हा गृहस्थ रुबाबात हेराला कामगिरीवर धाडतोय आणि शेजारच्या थिएटरात दुसऱ्याच एका हेराचा मार खाऊन डब्यांच्या मांडणीपाशी पडलाय. दिग्दर्शक मार्टिन रिटनं हे मुद्दाम केलेलं असो वा नसो, मला दर वेळी त्यात मजा येते. बाँडच्या साहेबाला इतक्या स्वस्तात कोणी पाडलं नसेल.

(पुढे चित्रपटाचा शेवट सांगणार आहे. साठ वर्षं होऊन गेली, आता लपवण्यात अर्थ नाही. तरी ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून यावं.)

ठोसा मारणारा तो ॲलेक लीमस, म्हणजे रिचर्ड बर्टन. ब्रिटिश हेरखात्याचा बर्लिनमधला प्रमुख. चित्रपट सुरू होतो तोच रात्रीच्या चेकपॉइंट चार्लीवर, म्हणजे पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधल्या नाक्यावर. लीमसचा एक खबऱ्या पूर्वेकडून सायकल घेऊन निघतो आणि हद्द ओलांडता ओलांडता गोळ्या लागून पडतो. लीमस या बाजूला उभा राहून बघतो. पूर्व जर्मन हेरखात्यातल्या मुंट नावाच्या माणसानं त्याची माणसं अशी एकेक करून टिपलेली असतात. हात हलवत लंडनला परतलेल्या लीमसला साहेब भेटीला बोलावतो. या साहेबाला नावानं कोणी हाक मारत नाही, नुसतं 'कंट्रोल' म्हणतात. कंट्रोल त्याला एक शेवटची कामगिरी देतो. खात्यानं हाकलून दिल्याचं सोंग घ्यायचं. प्यायचं, कर्जबाजारी व्हायचं, चारचौघांत खात्याच्या नावानं बोटं मोडायची, अब्रू घालवायची. असा कडवट झालेला माणूस विकत घेता येईल या आशेनं पूर्व जर्मनीचे लोक आपण होऊन दाराशी येतील. मग त्यांना अशी माहिती विकायची की तिच्यावरून मुंट हाच ब्रिटिशांना फितूर असल्याचा संशय यावा. मुंटचा काटा परस्पर त्याच्याच लोकांकडून निघेल.

तर तो ठोसा कामगिरीचा भाग आहे. लीमसला तुरुंगात जायचंच असतं. पण प्रसंग पुन्हा बघा. बर्टनचे डोळे सुजलेले, अंगावरचा रेनकोट अंगावरच झोपल्यासारखा चुरगळलेला, आणि दुकानदारानं नकार दिल्यावर त्याच्या तोंडावर येतो तो राग बघून हा नाटक करतोय असं एक क्षणही वाटत नाही. अपमान खराच झालाय. दारू खरीच चढलीय. हेतू तेवढा खोटा आहे.

नायकाला दोष चिकटवायची आता पद्धतच पडली आहे. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये खुद्द बाँडचा नेम चुकतो, तो गोळ्या-दारूवर दिवस काढतो, चाचणीत नापास होतो आणि साहेबीण निकाल लपवून त्याला पुन्हा कामावर घेते. आपल्या हिंदीतल्या 'रॉ'च्या एजंटांनाही हल्ली एखादं जुनं दुःख, एखादी मेलेली बायको आणि वाढलेली दाढी दिलेली असते. पण हे दोष दागिन्यासारखे घातलेले असतात. त्यांनी माणूस जास्त देखणा दिसतो, आणि शेवटच्या अर्ध्या तासात नेम परत येतो. दोष असूनही जिंकला, अशी ती बेरीज. लीमसच्या चित्रपटात हे 'असूनही' नाहीच. खात्याला तो दोषांसकट नको असता तर वेगळी गोष्ट होती. खात्याला त्याचे दोषच हवे आहेत, आणि बाकीचा लीमस त्यांच्याबरोबर आलाय म्हणून चालवून घ्यायचा आहे.

हे मला चटकन कळलं ते माझ्या नोकरीमुळे. मी आयुष्यभर एका सरकारी कचेरीत होतो. कोणत्या ते राहू द्या. आमच्याकडे वर्षअखेरीला प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहिला जाई. सचोटी, वक्तशीरपणा, हाताखालच्यांशी वागणूक, सर्वसाधारण शेरा आणि शेवटी प्रतवारी. प्रतिकूल शेरा असेल तर तो संबंधिताला लेखी कळवायचा. आमच्या आवक-जावकला एक कारकून होते. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांच्या टेबलाजवळ उभं राहिलं की वास यायचा. प्रतिकूल शेरा त्यांना न चुकता मिळायचा. साहेब येत गेले, बदलत गेले, आमच्यासारख्यांच्या बदल्या झाल्या, पण ते कारकून आपले तिथेच. मला वाटायचं, दया असेल. पुढे आमच्या अव्वल कारकुनांनी एकदा चहा पिताना सहज सांगितलं, "अहो, ते तिथे आहेत म्हणून साहेबांना झोप लागते. एखादी नस्ती सापडू नये असं वाटलं की ती त्यांच्या टेबलावरून गहाळ होते. चौकशी लागली तरी कोणाला नवल वाटत नाही."

एका मोठ्या प्रकरणात तसंच झालं. कारकून सकाळी, पूर्ण शुद्धीत, मला म्हणाले, "ती फाइल मी वर पाठवली होती. जावकची वही बघा, सही आहे." मी वही उघडली. होती नोंद, सहीसकट. पण चौकशीत वही कोणी मागितलीच नाही. ज्याच्या अहवालात वर्षानुवर्षं 'मद्यपानाची सवय' लिहिलंय त्याच्या वहीला कोण विचारतं?

चित्रपटातला कंट्रोल हा याच जातीचा साहेब आहे. सिरिल क्यूसॅक या आयरिश नटानं तो असा काही केलाय की अंगावर काटा येतो, आणि आवाज मात्र एकदाही चढत नाही. पेन्शनचे कागद नीट भरलेत ना, असं विचारणाऱ्या सुरात तो सांगतो की आपलं धोरण सौम्य आहे म्हणून आपल्या पद्धती शत्रूपेक्षा सौम्य ठेवून चालणार नाही, नाही का? मग विचारतो, आणखी थोडा वेळ बाहेर थंडीत राहशील का? समोर बसलेला लीमस दमलेला आहे, चिडलेला आहे, माणसं गमावल्याचं त्याला लागलंय. कंट्रोल सहानुभूती दाखवतो. पहिल्यांदा बघताना ती खरी वाटते. दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं, हा माल तपासून घेतोय.

लीमसला वाटतं आपण बेवड्याचं सोंग घेणार आहोत. कंट्रोलला ठाऊक आहे की फार सोंग घ्यावं लागणार नाही.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त पहिल्याच अधिकरणात शत्रूच्या राज्यातले कोण लोक फोडता येतात याची यादी आहे. क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी असे चार वर्ग. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगल्यांनी साठच्या दशकात सिद्ध केलेली आवृत्ती वाचनालयातून आणून मी ते प्रकरण मुद्दाम वाचलं होतं. क्रुद्धवर्गात कोण कोण येतात? देतो म्हणून सांगून ज्याला फसवलं तो. बरोबरीच्या कामाचं चीज दुसऱ्याचं झालं आणि याचा अपमान झाला तो. मानावरून आणि अधिकारावरून खाली आलेला तो. वाचता वाचता लीमसच डोळ्यांपुढे उभा राहतो. बर्लिनच्या प्रमुखाला लंडनला आणून बँकिंगच्या हिशेबाच्या टेबलावर बसवतात, मग तुटपुंज्या पेन्शनीवर घरी पाठवतात. कौटिल्याचा गुप्तचर असाच माणूस हुडकत फिरत असणार. फरक इतकाच की इथे शत्रूला सापडावा म्हणून खात्यानं आपलाच एक क्रुद्ध तयार करून बाजारात ठेवलाय, आणि तो तयार करायला कच्चा माल भरपूर होता.

मूळ कादंबरी १९६३ ची. जॉन ल कारे हे टोपणनाव. लेखक डेव्हिड कॉर्नवेल तेव्हा स्वतः हेरखात्यात होता, पश्चिम जर्मनीत बॉनच्या वकिलातीत अधिकारी म्हणून वावरत होता. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली ती त्यानं जवळून बघितली. कादंबरीतलं खातं कचेरीसारखं वाटतं, त्यात पेन्शन, रजा, हिशेब, हाताखालचा आणि वरचा हे सगळं येतं, ते उगीच नाही. चित्रपटानं ते तसंच ठेवलंय. ओस्वाल्ड मॉरिसच्या कॅमेऱ्याला धड पांढरा रंग कुठे सापडलेलाच नाही. आकाश, भिंती, कोट, चेहरे, सगळं ओल्या करड्या रंगाचं. गंमत म्हणजे ती बर्लिनची भिंत डब्लिनमध्ये, स्मिथफील्डच्या चौकात उभारली होती.

बर्टनबद्दल थोडं सांगायलाच हवं. वेल्समधल्या खाणकामगाराचा हा बारावा मुलगा. भावंडं तेरा. आवाज असा, की टेलिफोन डिरेक्टरी वाचली तरी लोकांनी तिकीट काढलं असतं. आणि दारू. तीही जगजाहीर होती. शेक्सपिअर गाजवलेला हा नट इथे पहिला दीड तास आवाज दाबून बोलतो. शब्द खाली टाकतो, वाक्यं अर्धी सोडतो, समोरच्याला उत्तर देणं हेही आता ओझं झालंय अशा थाटात. त्या आवाजाचं आपल्याला माहीत असलेलं वैभव तो खिशात कोंबून फिरतो, आणि ते आत आहे हे माहीत असल्यामुळेच आपल्याला लीमसची घुसमट जाणवते. त्या वर्षी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस ली मार्व्हिनला गेलं. बर्टनला एकूण सात नामांकनं मिळाली, ऑस्कर एकदाही नाही.

रडगाणं न गाता दोष दाखवायचे म्हणजे काय, हे बघायचं तर लीमस आणि ॲश यांचे प्रसंग बघावेत. लीमस तुरुंगातून सुटल्यावर त्याला गळाला लावायला आलेला पहिला माणूस म्हणजे ॲश. मायकेल हॉर्डर्ननं केलेला हा लाचार, गोड बोलणारा प्राणी शत्रूच्या साखळीतली सगळ्यात खालची कडी आहे. लीमस त्याचं जेवण जेवतो, त्याची दारू पितो आणि त्याला तुच्छतेनं वागवतो. नंतर ॲशचा वरिष्ठ त्याला सगळ्यांसमोर झिडकारतो. लीमस बघत राहतो. आपणही अशाच कोणाचे ॲश आहोत हे त्याच्या गावी नाही. चित्रपट ते बोलून दाखवत नाही, आणि म्हणून मला हा प्रसंग पुढच्या मोठ्या प्रसंगांपेक्षाही आवडतो.

आता नॅन. खात्यानं हाकलल्यावर लीमस ज्या छोट्या ग्रंथालयात नोकरीला लागतो तिथली ही सहायक. क्लेअर ब्लूमनं केलीय. कादंबरीत तिचं नाव लिझ आहे. बर्टनचं नुकतंच एलिझाबेथ टेलरशी लग्न झालेलं असल्यानं ते बदललं असं सांगतात. नॅन कम्युनिस्ट पक्षाची सभासद आहे, एकटी आहे, आणि या आडदांड माणसावर तिचा जीव जडतो. कादंबरीत तो तापानं फणफणतो तेव्हा ती त्याचं सगळं करते. ती त्याला विचारते, तू कशावर विश्वास ठेवतोस? तो म्हणतो, अकरा नंबरची बस हॅमरस्मिथला जाते यावर. ती चालवणारा सांताक्लॉज असतो यावर नाही. आपल्याला हसू येतं. पण हे उत्तर म्हणजेही लीमसचा एक दोष आहे. कशावरच विश्वास नसलेला माणूस आपल्याला कोणी फसवू शकत नाही असं धरून चालतो. आणि तसा माणूस फसवायला सगळ्यात सोपा, कारण तो फक्त समोरच्यावर नजर ठेवून असतो. आपल्या पाठीशी उभ्या असलेल्या साहेबाकडे तो वळून बघत नाही.

पूर्व जर्मनीत त्याची उलटतपासणी घेतो फीडलर, मुंटच्या हाताखालचा अधिकारी. ऑस्कर वेर्नरनं केलेला फीडलर हा सगळ्या चित्रपटातला एकच माणूस आहे ज्याच्या बोलण्यात आणि मनात अंतर नाही. तो ज्यू आहे, मार्क्सवादावर त्याची खरीखुरी श्रद्धा आहे, मुंटच्या नाझी भूतकाळाची त्याला शिसारी आहे, आणि मुंट फितूर असल्याचा संशय त्याला आधीपासूनच आहे. दोघं टेकड्यांवरून लांब लांब फिरतात, वाद घालतात. लीमसला तो आवडायला लागतो. लीमस त्याला ठरलेली माहिती देतो. आपण खोट्या नावांनी कोपनहेगन आणि हेलसिंकीच्या बँकांत पैसे भरायला कसे गेलो, कोणत्या तारखांना, वगैरे. फीडलर त्या तारखा मुंटच्या प्रवासाच्या तारखांशी जुळवतो. त्या जुळतात.

इथे चित्रपटाची खरी खोच आहे. फीडलर निष्कर्ष काढतो की मुंट ब्रिटिशांचा माणूस आहे, तेव्हा लीमस चिडून म्हणतो, शक्यच नाही. बर्लिनचा प्रमुख मी होतो. असं काही असतं तर ते मला ठाऊक असतं, माझ्या नकळत हे होऊच शकत नाही. तो हे नाटकातला भाग म्हणून बोलतोय आणि मनापासूनही बोलतोय. आपल्या हुद्द्याचा, आपल्या कर्तबगारीचा ताठा त्यात आहे. फीडलरला जे पटतं ते त्या ताठ्यामुळेच. माहिती विकणारा माणूस सहसा आपल्या मालाची किंमत वाढवून सांगतो. हा तर आपल्याच मालातून निघणारा सगळ्यात मोठा निष्कर्ष नाकारतोय, मग त्याला शिकवून पाठवलेला असणं शक्य नाही. कंट्रोलनं लीमसची दारू हिशेबात धरली होती, राग धरला होता, मुंटबद्दलचा द्वेष धरला होता. पण सगळ्यात मोलाची ठरली ती ही घमेंड. आणि ती दोष म्हणून कुठल्याच अहवालात लिहिलेली नसते. वरिष्ठ तिला 'कामावर निष्ठा' म्हणतात.

मग न्यायासन बसतं. मुंट आरोपी, फीडलर फिर्यादी, लीमस साक्षीदार. बचावाचा वकील नॅनला उभी करतो. पक्षाच्या निमंत्रणावरून भाबडेपणानं पूर्व जर्मनीत आलेली नॅन विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देते, कारण खोटं बोलायचं तिला कारणच नाही. लीमस गेल्यावर स्माइली नावाचे एक सज्जन गृहस्थ (हा कंट्रोलचाच माणूस) घरी आले होते. घराचे पैसे कोणीतरी परस्पर भरले होते. एकेका उत्तरासरशी लीमसची गोष्ट उसवत जाते, आणि तिच्याबरोबर फीडलरची मान फासात सरकत जाते. लीमस उठून सगळं कबूल करतो, निदान नॅनला तरी सोडा म्हणून. आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. मुंट खरंच ब्रिटिशांचा माणूस आहे. कामगिरी मुंटला संपवायची कधी नव्हतीच. मुंटवर संशय घेणाऱ्या फीडलरला संपवायची होती. लंडननं ती स्माइलीची भेट, ते भरलेले पैसे, सगळे पुरावे मुद्दाम सांडून ठेवले होते, कोणीतरी उचलावेत म्हणून.

हा प्रसंग बघताना दिग्दर्शकाचा इतिहास माहीत असला तर बरं. मार्टिन रिटवर पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीचं सावट आलं आणि टेलिव्हिजनचं काम बंद झालं. पुढे १९७६ मध्ये त्यानं त्या काळ्या यादीवरच 'द फ्रंट' काढला. लीमसची तपासणी घेणारा पीटर्स ज्यानं केलाय तो सॅम वॉनामेकर त्याच काळात अमेरिका सोडून इंग्लंडात राहिलेला. माणसाकडून साक्ष कशी काढतात आणि ती त्याच्याच जवळच्यांवर कशी उलटवतात, हे या दोघांना पुस्तकात वाचून शिकायची गरज नव्हती. म्हणूनच असेल, न्यायासनाच्या त्या दृश्यात कोणी खलनायक नाही. मधे बसलेली अध्यक्ष बाई काटेकोर आहे, वकील हुशार आहे, सगळं रीतसर चाललंय. रीतसर चाललंय आणि चुकीच्या माणसाला मरण मिळतंय.

मुंटच रात्री लीमस आणि नॅनला पळून जायला मोटार देतो. गाडीत नॅन विचारत राहते: फीडलर चांगला होता, मग त्याला का? आणि इथे बर्टन तो खिशातला आवाज बाहेर काढतो. हेर म्हणजे तुला कोण वाटले, संत? तत्त्ववेत्ते? माझ्यासारखेच कळकट, दारूडे, बायकोच्या धाकातले, आपल्या रडक्या आयुष्यात जरा रंगत यावी म्हणून चोर-शिपाई खेळणारे कारकून आहेत ते, अशा अर्थाचं तो बोलतो. हे भाषण फार गाजलं. बहुतेकांना ते हेरगिरीवरचं भाष्य वाटतं. मला त्यात एका माणसाचा स्वतःवरचा शेरा ऐकू येतो, आणि तो शेराही पूर्ण खरा नाही. तो नॅनला सांगतोय की आपण सगळे क्षुद्र आहोत, म्हणजे झालं ते समजून घेता येईल. मुंट खात्याला हवा होता, फीडलर नको होता, एवढाच हिशेब. इतकी वर्षं ज्या खात्यात घातली त्याची बाजू तो शेवटची मांडून बघतोय. तिला ते पटत नाही. मला वाटतं बोलता बोलता त्यालाही पटेनासं होतं.

मग भिंत. कुठून चढायचं, कधी चढायचं, शोधदिवा कधी फिरेल, सगळं ठरलेलं. लीमस वर पोचतो, हात देऊन नॅनला ओढतो, आणि गोळी तिला लागते. ती खाली पडते. पलीकडून इंग्रजीत हाका येताहेत, उडी मार म्हणून. तो भिंतीवर आहे, पश्चिमेकडे उतरला तर वाचतो. तो खाली बघतो आणि पूर्वेकडे उतरतो, तिच्याजवळ. मग त्यालाही गोळ्या घालतात.

माझा भाचा आयटीत आहे, हिंजवडीला. गणपतीत घरी आला होता तेव्हा त्याला जबरदस्तीनं हा चित्रपट दाखवला. अर्धा वेळ मोबाइल बघत होता. शेवटी मात्र मोबाइल उपडा ठेवून बसला.

"मामा, तो उडी का मारत नाही? ती तर मेलीय."

"हो."

"मग खाली उतरून प्रॅक्टिकली काय उपयोग?"

"काहीच नाही."

"म्हणजे प्रेम वगैरे?"

प्रेम वगैरे असेलही. पण चित्रपटभर लीमसनं प्रेम करणाऱ्या माणसासारखं काही फारसं केलेलं नाही. त्यानं ती पाहिली, तिचं घेतलं, तिला अंधारात ठेवलं. शेवटच्या मिनिटाला तो एकदम मोठ्या मनाचा होतो असं म्हटलं तर ती आधीच्या दोन तासांशी बेइमानी होईल. थकवा म्हणावा तर थकलेला माणूस भिंतीवरून जवळच्या बाजूला घसरला असता. बर्टनच्या चेहऱ्यावर त्या वेळी ना करुणा आहे, ना त्वेष. एखाद्यानं बराच वेळ वाचत असलेला कागद खाली ठेवावा तसं काहीतरी आहे. रिट त्याला एकही वाक्य देत नाही, आणि मी त्याचा ऋणी आहे.

भाच्याला मी एवढंच म्हणालो, की आतापर्यंत या माणसानं जे जे केलं, प्यायला, भांडला, तुरुंगात गेला, मुलीला जवळ केलं, फीडलरशी हुज्जत घातली, ते सगळं कंट्रोलच्या कागदावर आधी लिहिलेलं होतं. हे एकच तिथे नव्हतं.

"पण हे त्याच्या खात्याच्या दृष्टीनं चूकच ना?"

"चूकच. बर्लिनचा जाणता माणूस फुकट गेला. प्रतिकूल शेरा."

तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "मामा, तिच्यावर गोळी चुकून झाडली की ठरवून?" मुंटचं गुपित माहीत असलेली, खात्याशी काही देणंघेणं नसलेली, खोटं न बोलता येणारी एक मुलगी लंडनला जिवंत पोचणं कोणाला परवडणार होतं, याचा विचार त्यानंच केला आणि गप्प बसला. नव्या पिढीला संथ चित्रपट झेपत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी माझ्या भाच्याला भेटावं.

ल कारेला बहुधा हे प्रकरण शेवटपर्यंत सुटलं नाही. २०१७ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यानं 'अ लेगसी ऑफ स्पाइज' लिहिली. भिंत पडून गेलीय, शीतयुद्ध संपलंय, आणि लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी मिळून खात्यावर दावा लावायला निघालेत. म्हातारा पीटर गिलम, त्या काळचा स्माइलीचा उजवा हात, फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या आपल्या शेतावरून लंडनला बोलावला जातो. समोर खात्याचे तरुण वकील. त्यांना लीमस बरा होता की वाईट, शूर होता की दारूडा, यात काडीचा रस नाही. जबाबदारी कोणावर येते आणि कामगिरीचे कागद कुठे आहेत, एवढंच त्यांना हवंय. कागद जागेवर नसतात. कोणीतरी ते खूप वर्षांपूर्वी हलवलेले असतात.

भाच्याला हे फोनवर सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "मग नुकसानभरपाई मिळाली का?"

"वाच की," म्हटलं, "फार जाडजूड नाहीये."